यादी शेवटाकडून वाचावी

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर लॅपटॉप, टॅब्लेट आणि कॅमेरे यांच्या ज्या पानभर जाहिराती झळकतात, त्यांतील गुणांची यादी बहुधा एकाच क्रमाने लावलेली असते: आधी प्रोसेसरचा वेग, मग स्मृती, मग साठवण, मग पडद्याची लांबीरुंदी, आणि सर्वांत खाली, भिंगाखेरीज वाचता न येणाऱ्या अक्षरांत, अटी व शर्ती. निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेले गुरुजी, नोकरी सांभाळून रात्री चित्रे काढणारी तरुणी, आजीच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करू पाहणारा नातू, ही सारी मंडळी ती यादी वरून खाली वाचू लागतात आणि निम्म्यावर येईतो दमून दुकानदाराच्या शिफारशीला शरण जातात. माझे म्हणणे असे की, ज्याला स्वतःच्या समाधानासाठी का होईना, परंतु गांभीर्याने काही निर्माण करावयाचे आहे, त्याने ही यादी शेवटाकडून वाचावी. आपले काम पुरे झाल्यावर ते कोणत्या रूपात, कोणाच्या ताब्यात आणि किती काळ शिल्लक राहणार, याची चौकशी आधी करावी. ज्या लिपीत, ज्या हाताने आणि ज्या खोलीत ते व्हायचे आहे त्यांना हे साधन मानवते की नाही, ते मग पाहावे. आणि वेग व स्मृती यांचा विचार, खिशात काही उरले असेल तर, त्यानंतर करावा.

लेखनापासून आरंभ करणे सोयीचे, कारण हौसेने काही करू पाहणाऱ्या मराठी माणसाचा हात आजही प्रथम लेखनाकडेच वळतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते; त्या हिशेबाने एक लाख शब्दांच्या, म्हणजे चांगल्या जाडजूड कादंबरीचा निव्वळ मजकूर सुमारे २ मेगाबाइटांत मावतो, आणि फोनवर सहज टिपलेले एखादे छायाचित्रही पुष्कळदा याहून अधिक जागा अडवते. तेव्हा कादंबरीसाठी नवा लॅपटॉप हवा, हा युक्तिवाद घरच्या अर्थखात्यापुढे जपून मांडावा. जॉर्ज आर. आर. मार्टिन या विख्यात अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ साली दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत सांगितले होते की, आपण अजून डॉसवर चालणाऱ्या, इंटरनेटला न जोडलेल्या जुन्या यंत्रावर वर्डस्टार ४.० या प्रणालीत लिहितो. न विचारता शब्द सुधारणारा आणि नको तेथे अक्षर मोठे करणारा सहायक त्यांना नको होता. मात्र हे उदाहरण मराठी लेखकाने जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांना या यंत्रांच्या दरबारात पहिल्या दिवसापासून मानाची जागा होती. आपल्या लिपीला ती मिळेपर्यंत बराच काळ ताटकळावे लागले, आणि त्या विलंबाचे अवशेष अद्याप आपल्या फायलींत वस्तीला आहेत.

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टंकलेखक बाजारात आणला, आणि पुढची कित्येक दशके कचेऱ्यांतील मराठी पत्रव्यवहार टंकलेखकाच्याच खडखडाटात पार पडला. त्याच्या मोजक्या कळांवर साऱ्या बाराखड्या आणि जोडाक्षरे बसवायची म्हणजे अक्षरांचे अवयव सुटे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. अर्धा ग वेगळ्या कळेवर, काना वेगळ्या कळेवर, आणि दोन्ही शेजारी उमटवले म्हणजे पूर्ण ग, अशी ती व्यवस्था होती. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून ‘मराठी तीस’ आणि ‘मराठी चाळीस’ या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसांची बोटे या व्यवस्थेत अशी मुरली की, संगणक आला तेव्हा प्रारंभीच्या पुष्कळ मराठी फॉन्टांनीही तोच मार्ग पत्करला: आत रोमन अक्षरांचेच संकेत ठेवायचे आणि पडद्यावर मात्र त्या संकेतांच्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवायचे. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असे. शिवाय प्रत्येक कंपनीची संकेतांची वाटणी निराळी, त्यामुळे एका फॉन्टात लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला की कोणत्याही भाषेत न बसणारी चिन्हे समोर येत. त्या काळात जुळवलेले दिवाळी अंक, कवितासंग्रह आणि संस्थांचे अहवाल अजूनही कोठे कोठे सीडींवर पडून आहेत, आणि त्यांचा मजकूर सोडवून घ्यायचा तर आधी तो विवक्षित फॉन्ट, मग रूपांतर करणारे साधन आणि शेवटी तपासणाऱ्याचे चिकट डोळे, इतकी सामग्री जमवावी लागते.

याच सुमारास शासकीय पातळीवर प्रमाणीकरणाचे कामही चालू होते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची रचना ठरवून दिली, भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतावली प्रमाण केली, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे केली. विंडोज २००० पासून युनिकोडची देवनागरी घरोघरच्या संगणकांत शिरली. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा, ही गोष्ट त्याच्यात रोज लिहिणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आज साधन निवडणाऱ्याच्या पुढ्यातला पहिला निर्णय त्यातूनच उद्भवतो: लिहायचे कसे? रोमन अक्षरांत उच्चार टंकून पडद्यावर देवनागरी उमटवणारी पद्धत शिकायला सोपी, परंतु तिच्यात मनातला मराठी शब्द आधी इंग्रजी स्पेलिंगच्या चौकीवरून जातो आणि तेथे कधी श-षची, कधी ऱ्हस्वदीर्घाची जकात देऊन पुढे येतो. बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठीसाठी उपलब्ध केली. ज्यांची बोटे आखडली आहेत किंवा दृष्टी मंदावली आहे त्यांच्यासाठी ती मोठी सवलत आहे, आणि आठवणींचा पहिला कच्चा खर्डा तिच्यात सुरेख उतरतो, मात्र विरामचिन्हे, विशेषनामे आणि बोलीतले शब्द हाताने दुरुस्त करण्याची तयारी ठेवावी लागते. ज्याला सातत्याने आणि पुष्कळ लिहायचे आहे त्याने इन्स्क्रिप्ट शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची रचना वर्णमालेच्या तर्काने केलेली आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, ज्या कळेवर क तिच्यावरच शिफ्ट दाबून ख, ज्या कळेवर त तिच्यावरच थ, आणि मराठीत व्यंजनामागून स्वर येत असल्याने दोन्ही हात आपोआप आळीपाळीने चालतात. आरंभीचे काही दिवस चिडचिडीत जातात हे खरे. पण विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या चारही ठिकाणी ही रचना वेगळे पैसे न मोजता मिळते, आणि एकदा बोटांत बसलेली विद्या यंत्र बदलले म्हणून वाया जात नाही.

युनिकोड आले म्हणून सारे प्रश्न मिटले, अशी समजूत करून घेऊ नये. मराठीचा जो अर्धा र आहे, म्हणजे ‘वऱ्हाड’, ‘कैऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला, तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेल्या ऱचा पाय मोडून; दुसरा, साध्या रचा पाय मोडून त्यापुढे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. दोन्ही वऱ्हाडे डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसतात. परंतु यंत्राच्या दृष्टीने ती भिन्न असल्यामुळे, अर्धी कादंबरी एका कळफलकावर आणि अर्धी दुसऱ्यावर लिहिणाऱ्याने ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधायला सांगितला तर पुष्कळ कार्यक्रम त्याला निम्मेच वऱ्हाड दाखवतात. ‘ॲ’ची कथाही अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. तत्पूर्वीचे लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवीत, आणि अजूनही कोणी कोणी चढवतात. यावर उपाय एवढाच की, फोन असो वा संगणक, कळफलक एकाच जातीचा ठेवावा, आणि जुना मजकूर आत घेताना शोधा-व-बदला या आज्ञेने एकदा सगळी अक्षरे एका सुतात आणावीत.

कोणताही कार्यक्रम विकत घेण्यापूर्वी, मग तो लेखनाचा असो, चित्राचा असो किंवा चित्रफितीला शीर्षके जोडण्याचा असो, त्याची परीक्षा घेण्यासाठी मी एक निरर्थक वाक्य जवळ बाळगतो: ‘वऱ्हाडच्या आचाऱ्यांनी आचार्यांना ॲल्युमिनियमच्या किटलीतून क्षणार्धात उष्ण काढा दिला.’ ते टंकावे आणि शांतपणे निरखावे. किटलीतल्या कची वेलांटी अक्षराच्या अलीकडे उमटली की पलीकडे जाऊन पडली. आचार्यांच्या डोक्यावर रफार आणि आचाऱ्यांच्या पोटात अर्धा र, हा भेद राहिला की सगळे एकाच पंगतीला बसले. ॲल्युमिनियमच्या आरंभी ठिपक्यांचे वर्तुळ तर नाही ना आले. ‘क्ष’ आणि ‘ष्ण’ अखंड आहेत की पाय मोडून उभे आहेत. हे पाहिले की त्या कार्यक्रमाला देवनागरी येते किंवा कसे याची पुरती रुजवात होते. चित्रांच्या आणि चित्रफितींच्या कार्यक्रमांत ही परीक्षा नापास होणारे, किंमत पाहता नवल वाटावे इतके, आढळतात. काहींत दोष केवळ एका बंद ठेवलेल्या पर्यायाचा असतो: लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या मांडणीत जाऊन जटिल लिप्यांचा विभाग चालू करावा लागतो, आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेद जुळवणारा यंत्रभाग जागतिक लिप्यांचा निवडावा लागतो. वाक्य ठीक उमटले की त्याची पीडीएफ करावी, तीतून तेच वाक्य उचलून कोऱ्या पानावर डकवावे, आणि आता आचाऱ्यांचे काय झाले ते पाहावे. देखण्या पीडीएफच्या पोटातला मजकूर वेडावाकडा निघाला, तर ती फाइल छापण्यापुरती उपयोगी. तिच्यातून पुढे कधी लेख परत मिळवायची वेळ आली तर हाल आहेत.

फॉन्टांच्या बाबतीत आजचा लेखक भाग्यवान म्हणावा लागेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईतून निघालेला ‘शोभिका’, असे सुबक फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. ते पुस्तकात वापरायला कोणाची अनुज्ञा काढावी लागत नाही. फक्त ल आणि श यांच्याकडे लक्ष असू द्यावे. मराठी वळणाचा ल आणि हिंदीत रूढ असलेला ल यांच्या घडणीत फरक आहे, शचाही तसाच. राज्य शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात प्रमाण वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात या वळणांचाही विचार होता. पुष्कळ नव्या फॉन्टांत दोन्ही वळणे साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच मराठी वळण पुढे येते. दिवाळी अंकातला ल परका का दिसतो, याचे उत्तर अनेकदा या एका न केलेल्या नोंदीत सापडते.

आता अटी व शर्तींकडे वळू. एक काळ असा होता की कार्यक्रमाची तबकडी विकत घेतली म्हणजे तो आपला झाला. नवी आवृत्ती नको असेल तर जुनीवर दहा वर्षे काढता येत. २०१३ साली ॲडोबीने आपली कलासाधने वर्गणी पद्धतीवर नेली आणि सीएस ६ ही कायमच्या मालकीने विकलेली त्यांची शेवटची मालिका ठरली; मग इतरांनीही तोच शिरस्ता उचलला. याला मी भाडेपट्टा म्हणतो, आणि भाडेपट्ट्यात स्वतः काही वाईट नाही. ज्याचा उदरनिर्वाह जाहिरातसंस्था, मुद्रक आणि प्रकाशक यांच्याशी रोज फायलींची देवघेव करण्यावर आहे, त्याने त्यांच्याकडे जे आहे तेच घ्यावे आणि भाडे धंद्याच्या खर्चात धरावे. हौशी माणसाच्या कामाची रीत मात्र निराळी असते. तो सुटीत पंधरवडाभर झपाटल्यासारखा काम करतो, नंतर मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण, लग्नसराई यांत चारसहा महिने त्याला उसंत मिळत नाही. वर्गणीचा तगादा मात्र या साऱ्या काळात अव्याहत चालू राहतो, आणि ती थकली की स्वतःचीच जुनी चित्रे पूर्ववत उघडून दुरुस्त करण्याचा मार्ग बंद होतो. फाइल आपल्या घरात आणि किल्ली मालकाकडे, ही अवस्था पत्करण्यापूर्वी निदान जाणून घेतलेली असावी.

खुल्या सॉफ्टवेअरची एकदा मिळालेली प्रत कोणी परत मागू शकत नाही, आणि त्याचे फाइलस्वरूप सर्वांना उघड असते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या कार्यक्रमाची कथा या संदर्भात ऐकण्याजोगी आहे. त्याची मूळ कंपनी बंद पडली तेव्हा नेदरलँड्सचे टोन रोझेन्डाल यांनी वापरणाऱ्यांकडून एक लाख युरोंची वर्गणी गोळा केली, गुंतवणूकदारांकडून हक्क सोडवून घेतले आणि २००२ च्या ऑक्टोबरात तो कार्यक्रम सर्वांसाठी मुक्त केला. त्याच ब्लेंडरवर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी ‘फ्लो’ हा एकही संवाद नसलेला चित्रपट घडवला, आणि २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. फुकटचे ते हलके, हा आपल्याकडचा पूर्वग्रह यामुळे थोडा सैल व्हायला हरकत नाही. रंगवण्यासाठी क्रिता, रेखाकृतींसाठी इंकस्केप, ध्वनीसाठी २००० साली प्रथम निघालेले ऑडॅसिटी, लेखनासाठी लिब्रेऑफिस, ज्याला मराठी शुद्धलेखन तपासण्याची पुरवणीही जोडता येते, इतकी सामग्री एका रुपयाचा व्यवहार न करता संगणकावर येते. त्यांच्या मांडणीत कोठे कोठे ओबडधोबडपणा आहे आणि अडले तर फोन उचलणारा कारकून नाही, हेही तितकेच खरे. म्हणून ज्याला शिकायला वेळ नाही आणि पैसा आहे त्याने भाडे भरावे. आपल्याकडच्या बहुसंख्य हौशी मंडळींची स्थिती याच्या नेमकी उलट असते.

कार्यक्रम कोणताही असो, त्याच्यातून काम बाहेर काढण्याची वाट पहिल्याच दिवशी चालून पाहावी. लेख साध्या मजकुराच्या किंवा ओडीटीच्या स्वरूपात निघतो का, चित्र थरांसकट दुसऱ्या कार्यक्रमात उघडते का, टिपणवह्यांच्या ॲपमधली तीन वर्षांची टिपणे एका आज्ञेसरशी मोकळी होतात का, हे कोरी फाइल असतानाच तपासणे हिताचे. ओपन डॉक्युमेंट हे स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले, पीडीएफ २००८ साली. अशा स्वरूपांचे नियम जाहीर असल्यामुळे उद्या मूळ कंपनी बुडाली तरी ती वाचणारा कार्यक्रम दुसरा कोणी लिहू शकतो.

चित्रकारांच्या साधनांविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर, २००९ साली आयफोनवर आणि पुढच्या वर्षी आयपॅडवर चित्रे काढायला घेतली, तेव्हा हातातले साधन साऱ्यांना मिळते तेच होते. रेखाटनाच्या पाट्यांच्या जाहिरातींत लेखणीच्या दाबाचे ८१९२ स्तर ठळक छापलेले असतात. २०४८ आणि ८१९२ यांतला फरक मानवी हाताला जाणवतो असे मला वाटत नाही. हाताला जाणवते ते हे की, अगदी हलक्या स्पर्शाला रेघ उमटू लागते की लेखणी दाबावी लागते, आणि रेघ हाताबरोबर चालते की मागून धावत येते. दुकानात पाटी मिळाली की तिच्यावर पट्टी ठेवून एक तिरपी रेघ अतिशय संथपणे ओढावी. हलक्या प्रतीच्या पाटीवर ती रेघ सापासारखी वळवळते, आणि हा दोष वेगाने काढलेल्या रेघेत लपून राहत असल्याने विक्रेता नेहमी झरझर सही करून दाखवतो. बिनपडद्याची पाटी स्वस्त पडते. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, या फारकतीची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण पहिली खरेदी तीच असावी, आणि लेखणी शक्यतो पाटीच्याच चुंबकीय क्षेत्रातून शक्ती घेणारी, बॅटरी नसलेली घ्यावी.

ध्वनीच्या क्षेत्रात मात्र पैसा चुकीच्या जागी सर्वांत अधिक जातो. आजीच्या ओव्या मुद्रित करायच्या म्हणून नातू स्टुडिओत असतो तसा कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन आणतो. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा द्यायचा तर वेगळी पेटी आणतो. आणि मग ऐकतो तर काय, आजीच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षांचे भोंगे, सगळे निष्ठेने टिपलेले! कंडेन्सरचा गुण म्हणजे त्याची संवेदनशीलता, आणि आपल्या शहरी बैठकीच्या खोलीत तोच गुण अवगुण ठरतो. अशा घरात डायनॅमिक जातीचा, तोंडाजवळ धरून वापरायचा मायक्रोफोन अधिक कामाचा. तोही नसला तर पंखा बंद करावा, खिडक्या लावून घ्याव्यात, ज्या खोलीत गाद्या आणि कपड्यांची उघडी कपाटे आहेत तेथे आजीला बसवावे आणि फोन तिच्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर थेट न ठेवता दुमडलेल्या टॉवेलवर ठेवावा. एकच माणूस बोलत असेल तर दोन वाहिन्यांची आवश्यकता नसते. सीडीच्या दर्जाचे, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटांचे दोन वाहिन्यांचे वेव्ह मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते, एका वाहिनीचे त्याच्या निम्मी. इतकी जागा आजच्या फोनांत सहज असते, तेव्हा मूळ प्रत वेव्हमध्येच राखावी आणि नातलगांना धाडायला एमपी ३ करावी. एमपी ३ करताना जे गाळले जाते ते पुन्हा मिळत नाही.

मुद्रणाच्या प्रारंभी गाणारीचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने सांगून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांचा ठेवा आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात शब्द आणि आवाज अशा दोन्ही रूपांत उपलब्ध होत आहे. इतक्या वर्षांनंतर त्या ओव्यांशी कोणाला संबंध जोडता येतो तो, ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव टिपून ठेवल्यामुळे.

छायाचित्रकाराला मुंबई, कोकण आणि गोव्यात एक अधिकचा शत्रू असतो, तो म्हणजे पावसाळी दमट हवा. चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवलेल्या भिंगाच्या आत चातुर्मासात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. नवे भिंग घेण्यापूर्वी झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे घड्याळ घ्यावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे. जाहिरातीत हा डबा कधीच नसतो.

राहता राहिली नकलांची बाब. जाणकारांचा दंडक असा की कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. हौशी माणसाला एक बाह्य डिस्क आणि एक क्लाउडचे खाते यांत हे साधते. पण क्लाउडला चिरंतन समजू नये. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते सामग्रीसह काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले, आणि दोन वर्षे खाते न उघडण्याचे कारण खातेदाराचे निधन हेही असू शकते. आपल्या कायद्याने लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. हक्क ६० वर्षांचा आणि फाइल दोन वर्षांची, ही विसंगती टाळायची तर खात्याच्या मांडणीत जाऊन निष्क्रियतेनंतर मजकूर कोणाच्या स्वाधीन करायचा त्याचे नाव नोंदवता येते, ते नोंदवावे. आणि घराच्या कागदपत्रांबरोबर एक साधा कागद ठेवावा, ज्यावर यंत्राचा परवलीचा शब्द, डिस्कची जागा आणि कोणता मसुदा पक्का धरायचा ते लिहिलेले असेल. तसे न केल्यास ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ आणि ‘अंतिम-खरेच’ या नावांच्या तीन फायली वारसांच्या हाती पडतात, आणि त्यांतली खरी कोणती, याचा खुलासा करणारा एकमेव मनुष्य तोवर उपलब्ध नसतो.